आधीं आंखणी, मग आज्ञा

गेल्या भाद्रपदांत सातारच्या आमच्या घरीं गणपतीनिमित्त सारी भावंडें एकत्र जमलीं असतां एक प्रसंग घडला. प्रसंग तसा लहान आहे. पण ज्या घरांतील मुलें संगणकाचें शिक्षण घेत आहेत, आणि आजकाल असें एखादें मूल नाहीं असें घर विरळाच, त्या घरांतील वडील मंडळींस तो विचार करावयास लावील असें वाटल्यावरून येथें सांगत आहों.

आमच्या धाकट्या बंधूंचें बिऱ्हाड सांगलीस असतें. सांगलीस अभियांत्रिकीचें शिक्षण १९४७ सालापासून मिळतें. त्या सालीं निघालेल्या महाविद्यालयास पुढें १९५५ सालीं वालचंद यांचें नांव देण्यांत आलें, आणि आतां तर जिल्ह्यांत अशीं आणखीहि महाविद्यालयें झालीं आहेत. त्यांपैकीं एकांत बंधूंचा मुलगा संगणक शाखेच्या दुसऱ्या वर्षांत शिकत आहे. शाळेंत त्याचा क्रमांक नेहमीं वरचा. पाठांतर तर इतकें उत्तम कीं, गीतेचा अध्याय म्हणावयाचा झाला म्हणजे सारें घर त्यालाच पुढें करी. असा मुलगा ह्या खेपेस उतरलेल्या चेहऱ्यानें आला. दुसऱ्या दिवशीं रात्रीं आरती आटोपल्यावर त्यानें आजीपाशीं मन मोकळें केलें. "आजी, मला हें जमणार नाहीं. मला शाखा बदलूं दे. बाबांना तूंच सांग."

आमच्या बंधूंच्या कानीं ही गोष्ट जातांच ते संतापले, हें सांगावयास नकोच. दोन वर्षांची फी, शेजारपाजाऱ्यांचे प्रश्न, मुलाचें वाया जाणारें वर्ष, सर्व एकदम बाहेर आलें. मधल्या बंधूंनीं पुण्यास एखादा खाजगी क्लास लावावा अशी सूचना केली. आम्हीं मात्र म्हटलें कीं, मुलाला काय येत नाहीं तें तरी आधीं पाहूं.

"काय येत नाहीं रे तुला?" आम्हीं विचारलें.

"काका, तसें सगळें येतें. पुस्तकांतला कोणताहि प्रोग्रॅम विचारा."

आणि खरोखरच त्यानें कागदावर घडाघडा लिहून दाखविलें. मूळ संख्या शोधण्याचा प्रोग्रॅम झाला, संख्या चढत्या क्रमानें लावण्याचा झाला, कोष्टकांच्या गुणाकाराचा झाला. एक स्वल्पविराम चुकला नाहीं. "पण काका," तो म्हणाला, "नवा प्रश्न पुढें आला कीं पहिली ओळच सुचत नाहीं. मग आठवेल तें लिहीत सुटतों, आणि शेवटीं तें चालत नाहीं. कां चालत नाहीं तेंहि कळत नाहीं."

रोग येथें कळला. मुलाला भाषेचें व्याकरण येत होतें; त्या भाषेंत निबंध लिहितां येत नव्हता. आणि ह्यांत दोष एकट्या मुलाचा नव्हता. आपल्या घरांतून पाठांतराचें कौतुक पिढ्यान् पिढ्या होत आलें आहे. पाठांतर वाईट असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं; पाढे पाठ नसतील तर हिशेब अडतो. परंतु ज्या मुलाला प्रत्येक प्रश्नाचें तयार उत्तर मुखोद्गत असल्याबद्दलच शाबासकी मिळत आली, त्याला तयार उत्तर नसलेला प्रश्न पुढें आल्यावर भीति वाटावी हें स्वाभाविकच आहे. शाबासकी देणारे आम्हीच होतों.

ह्यावर आमच्या मातोश्रींनीं एक युक्ति काढली. आमच्या घरीं गणपतीचा खर्च तीन भावांत सारखा वांटण्याची चाल आहे. परंतु ह्या वर्षीं धाकटे बंधु सहाव्या दिवशीं सांगलीस परतणार होते. तेव्हां सारखी वाटणी न्यायाची नाहीं, असें मधल्या सूनबाईंनीं हळूच सुचविलेंहि होतें. मातोश्री नातवास म्हणाल्या, "बाळा, तुझ्या त्या यंत्राकडून एवढी वाटणी करून दे, म्हणजे घरांत वाद नको."

त्या रात्रीं मुलगा लॅपटॉप घेऊन बसला तो बारा वाजेपर्यंत. सकाळीं त्यानें प्रोग्रॅम दाखविला. सुमारें दीडशें ओळी, आरंभापासून अखेरपर्यंत एक सलग मजकूर. सर्व घरें दहा दिवस राहिलीं असें धरलें तर उत्तर बरोबर येई. धाकट्या घराचे सहा दिवस घालतांच तिन्ही वाट्यांची बेरीज मूळ खर्चाहून अधिक होऊं लागली. कारण शोधतां शोधतां दुपार झाली. शेवटीं आढळलें कीं, दहा हा आंकडा त्यानें सात ठिकाणीं हातानें लिहिला होता. पांच ठिकाणीं बदलला आणि दोन ठिकाणीं राहिला. शिवाय संख्यांना नांवें दिलीं होतीं ए, बी, सी आणि एक्स. त्यांतील बी म्हणजे माणसें कीं दिवस, हें लिहिणाऱ्यासच सांगतां येईना.

आमची कन्या पुण्यास ह्याच व्यवसायांत आहे. ती सुटी काढून आली होती. तिनें लॅपटॉप मिटवून ठेवला आणि जुन्या दिनदर्शिकेचीं कोरीं पाठपानें व पेन्सिल पुढें ठेवली. "आतां हें मराठींत लिही," ती म्हणाली.

"ताई, प्रोग्रॅम मराठींत कसा लिहिणार?"

"प्रोग्रॅम नव्हे, विचार. आपल्या हातीं काय आहे, आपल्याला काय हवें आहे, आणि यंत्र नसतें तर तूं हातानें हें कसें केलें असतेंस, एवढें लिही."

ह्यानंतर जें झालें तें आम्हीं शेजारीं बसून पाहिलें, आणि तेंच ह्या लेखाचें सार आहे. हातीं आहे खर्चाची यादी, प्रत्येक घरचीं माणसें व त्यांचे दिवस. हवें आहे प्रत्येक घराचा वाटा. खर्च २४,००० रुपये धरला. आमच्या घरचीं पांच माणसें दहा दिवस, म्हणजे ५० माणूसदिवस. मधल्या घरचीं चार माणसें दहा दिवस, म्हणजे ४०. धाकट्या घरचीं पांच माणसें सहा दिवस, म्हणजे ३०. एकूण १२०. म्हणून दर माणूसदिवसास २०० रुपये, आणि वाटे अनुक्रमें १०,०००, ८,००० व ६,०००. बेरीज पुन्हां २४,०००. हा हिशेब मुलानें पांच मिनिटांत केला. नवा प्रश्न पाहून ज्याला पहिली ओळ सुचत नव्हती तो हाच मुलगा.

मग कन्येनें विचारलें, "हातानें करतांना तूं वेगवेगळीं अशीं किती कामें केलींस?" मुलानें मोजलीं. खर्चाच्या नोंदी वाचून बेरीज घेणें, हें एक. प्रत्येक घराचे माणूसदिवस काढणें, हें दुसरें. त्यांवरून वाटा ठरविणें, हें तिसरें. आणि यादी स्वच्छ मांडून दाखविणें, हें चौथें. प्रत्येक कामापुढें त्यानें दोन गोष्टी लिहिल्या : ह्या कामाला बाहेरून काय द्यावयाचें, आणि हें काम परत काय देणार. प्रोग्रॅमांत अशा प्रत्येक स्वतंत्र कामास फंक्शन म्हणतात.

हें ऐकतांना आमच्या सौभाग्यवतींनीं स्वयंपाकघरांतील दाखला दिला तो फार मार्मिक होता. चतुर्थीच्या मोदकांना एकजण सारण करते, दुसरी उकड काढते, तिसरी मोदक वळते. वळणारीला गूळ किती घातला हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. सारण कोरडें आहे आणि उकड मऊ आहे एवढी खात्री तिला पुरते. मोदक फुटला तर दोष सारणांत, उकडींत कीं वळण्यांत, हेंहि चटकन् समजतें. सगळें एकाच पातेल्यांत कालविलें असतें तर काय समजलें असतें?

दुसऱ्या बैठकींत मुलानें हीं चार कामें एकामागून एक लिहिलीं. आणि प्रत्येक काम पुरें होतांच, पुढच्यास हात लावण्यापूर्वीं, हातच्या हिशेबाशीं ताडून पाहिलें. घरें, माणसें आणि दिवस हे आंकडे एकाच ठिकाणीं ठेवले. संख्यांना अर्थाचीं नांवें दिलीं. तो वापरीत असलेल्या पायथन भाषेंत, २००८ सालीं आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून, अशीं नांवें देवनागरींतहि देतां येतात. भाषेचे स्वतःचे मोजके शब्द तेवढे इंग्रजी राहतात. जेथें परप्रांतीय सहकाऱ्यांबरोबर काम करावयाचें तेथें इंग्रजी नांवेंच सोयीचीं. पण शिकतांना 'वाटा' आणि 'दिवस' हे शब्द डोळ्यांपुढें असले म्हणजे विचार अडखळत नाहीं. ह्या वेळीं सारा प्रोग्रॅम साठ ओळींच्या आंत बसला.

मातोश्री मात्र सहजासहजीं प्रसन्न होणाऱ्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "खर्च चोवीस हजार एक झाला तर?" मुलानें आंकडा घातला. वाटे पूर्ण रुपयांत आले १०,०००, ८,००० व ६,०००. "मग एक रुपया कोठें गेला?" मुलगा क्षणभर गोंधळला, मग कागदावर करून पाहिल्यावर ध्यानांत आलें कीं, प्रत्येक वाट्यांतील अर्ध्या रुपयाहून कमी असलेले पैसे सोडून दिल्यामुळें तीन ठिकाणचे पैसे मिळून एक रुपया गळाला. तो कोणीं द्यावा हें यंत्र ठरवूं शकत नाहीं. तें घरानें ठरवावयाचें असतें. वडील घरानें द्यावा असें ठरलें, आणि हा नियम वाट्याच्या कामांत एका ओळीनें घालतां आला. बाकीच्या तीन कामांस हात लावावा लागला नाहीं. दिवसांचे रकाने कोणी भरलेच नाहींत तर शून्यानें भागण्याची पाळी येऊन प्रोग्रॅम बंद पडेल, हें तर मुलानें आपण होऊनच सांगितलें, आणि त्याची तजवीजहि केली. चेहऱ्यावरील मळभ गेलें तें येथें.

आमच्या दिनदर्शिकेच्या पाठपानांवर जें घडलें तेंच जगांतील संगणकशास्त्रज्ञांस बऱ्याच कष्टानें उमगलें आहे. आरंभींच्या काळांत प्रोग्रॅम लिहिणारा कोठूनहि कोठें उडी मारण्याची आज्ञा देई; ज्या पोथींत दर पानावर "आतां अमुक पानावर जा" असें लिहिलेलें असावें तिच्यासारखीच वाचणाराची त्रेधा उडे. १९६६ सालीं इटलींतील बोम व याकोपिनी ह्या दोघां अभ्यासकांनीं सिद्ध केलें कीं, तीन प्रकारच्या रचनांनीं कोणतेंहि गणनकार्य मांडतां येतें : एकामागून एक करणें, अट पाहून दोहोंतून एक निवडणें, आणि अट असेपर्यंत पुन्हां पुन्हां करणें. १९६८ सालीं एड्सखर डाइक्स्ट्रा ह्या डच शास्त्रज्ञानें वाटेल तेथें उडी मारण्याच्या आज्ञेविरुद्ध एक पत्र प्रसिद्ध केलें तें फार गाजलें. १९७१ सालीं निकलाउस विर्ट ह्या स्विस शास्त्रज्ञानें, मोठ्या कामाचे क्रमाक्रमानें लहान भाग पाडीत जाऊन प्रोग्रॅम कसा घडवावा हें विवरून सांगितलें. आणि १९७२ सालीं डेव्हिड पार्नास ह्यानें आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली : भाग पाडावयाचे ते नुसत्या कामाच्या क्रमानें नव्हे, तर उद्यां काय बदलण्याचा संभव आहे तें पाहून. जें बदलणार तें एका भागांत झांकून ठेवावें, म्हणजे बदल झाला तरी बाकीचे भाग सुखरूप राहतात. मातोश्रींच्या एका रुपयानें आमच्या पुतण्यास हाच धडा दिला.

आणि ह्याचें उदाहरण पाहण्यास आपणां सातारकरांस परदेशीं जाण्याचेंहि कारण नाहीं. जी कृष्णा पुढें माहुलीवरून सांगलीस जाते तिच्याच कांठीं, आमच्या जिल्ह्यांत, वाई आहे. तेथें मराठी विश्वकोशाचें काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं चाललें. त्यांतील परिभाषासंग्रहाचा खंड क्रमानें अठरावा. पण तो प्रसिद्ध झाला १९७३ सालीं, आणि पहिला खंड १९७६ सालीं. शेंकडों लेखक निरनिराळ्या शास्त्रांवर लिहिणार, तर कोणत्या कल्पनेस कोणता शब्द हें आधीं ठरलें पाहिजे, नाहींतर एका लेखांतील शब्द दुसऱ्या लेखांत परका होईल, हें उघड आहे. आधीं नांवें, मग लिखाण. आमच्या पुतण्याचा बी म्हणजे माणसें कीं दिवस, ह्या प्रश्नाचेंच हें विशाल रूप होय.

त्याहून जुना दाखला पाणिनीचा. सुमारें चार हजार सूत्रांच्या त्याच्या ग्रंथाचा आरंभ वृद्धि आणि गुण ह्या संज्ञा सांगण्यानेंच होतो. आणि एकदां सांगितलेली गोष्ट पुढील सूत्रांत पुन्हां न सांगतां अनुवृत्तीनें चालू राहते. संगणकाच्या भाषांचें व्याकरण लिहिण्याची जी पद्धत बॅकस ह्याच्या नांवानें ओळखली जाते, तिला पाणिनीचेंहि नांव द्यावें अशी सूचना पीटर इंगरमन ह्यानें १९६७ सालीं केली होती. परंतु एवढ्यावरून आपल्या पूर्वजांस संगणक ठाऊक होता अशी बढाई मारणें हास्यास्पद आहे. पाणिनीपासून घ्यावयाचें तें त्याचें नांव नव्हे, त्याची शिस्त. अष्टाध्यायी मुखोद्गत असणें निराळें आणि एखाद्या विषयाची तशी मांडणी स्वतः करतां येणें निराळें. आपण पहिल्यावर समाधान मानलें, दुसऱ्याची अपेक्षा मुलांकडून केली नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या पुतण्यानेंच घेतला. "काका, आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें निघालीं आहेत. प्रश्न लिहिला कीं तींच प्रोग्रॅम लिहून देतात. मग एवढी आंखणी कशाला?" ह्यास कन्येनें उत्तर दिलें तें असें : "तें साधन मीहि रोज वापरतें. पण वाटणी सारखी कीं माणूसदिवसांवर, आणि उरलेला रुपया कोणाचा, हें तूं सांगितलें नाहींस तर तें आपल्या मनानें कांहींतरी ठरवील, आणि तुला कळणारहि नाहीं. काय हवें तें नेमकें सांगणें आणि आलेलें तपासून घेणें, ह्यालाच आंखणी म्हणतात." आम्हांस हें पटलें. लिहिण्याचे श्रम जसजसे यंत्राकडे जातात तसतसें विचाराचें ओझें माणसाकडे अधिकच येतें.

उलट, आंखणीचें स्तोम माजविणेंहि बरें नव्हे. सर्व आंखणी पुरी होईपर्यंत एक ओळहि लिहावयाची नाहीं असें म्हणणारा कधींच लिहीत नाहीं. आमच्याच हिशेबांत रुपयाची अडचण आधीं कोणाला सुचली नव्हती. थोडें लिहून चालवून पाहिलें तेव्हां ती दिसली. लग्नाची यादी आपण आधीं करतों, पण कार्य उरकेपर्यंत ती चार वेळां दुरुस्त होते; म्हणून कोणी यादीवांचून लग्न काढीत नाहीं.

तेव्हां ज्यांच्या घरीं असें शिकणारें मूल आहे त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. तुम्हांस संगणक येत नाहीं म्हणून संकोच मानूं नका. मुलाला घरचाच एखादा प्रश्न द्या : दुधाचा हिशेब असो, वाणसामानाची यादी असो, ग्रंथसंग्रहाची नोंद असो. लॅपटॉप उघडण्यापूर्वीं त्याला मायबोलींत समजावून सांगावयास लावा. हातीं काय, हवें काय, हातानें कसें, कामें किती, आणि उद्यां काय बदलेल, हे पांच प्रश्न आजीहि विचारूं शकते. जेथें मूल अडखळेल तेथेंच त्याचा प्रोग्रॅमहि अडखळणार असतो. आणि उत्तर पाठ म्हणून दाखविल्याबद्दल जेवढें कौतुक करतां, त्याच्या निम्मे तरी कौतुक चांगला प्रश्न विचारल्याबद्दल करा.

सहाव्या दिवशीं बंधु सहकुटुंब सांगलीस निघाले. शाखा बदलण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं. अलीकडे झालेल्या परीक्षेंत मुलाला गुण मिळाले ते मध्यमच, आणि त्याबद्दल त्याच्या वडिलांची थोडी कुरकुर चालूच आहे. परंतु परवां त्यानें मातोश्रींस दूरध्वनि केला तेव्हां विचारीत होता, "आजी, पुढच्या वर्षीं कोणी पाहुणा दोनच दिवस आला, तर त्याचे दिवस कोणाच्या घरांत धरावयाचे?" मातोश्रींनीं त्याला अजून उत्तर दिलेलें नाहीं. त्या म्हणतात, हें तिन्ही सुनांना विचारून मग सांगूं.